असंच करायचं असतं

जुलै उजाडला की पुण्यात संध्याकाळी नदीपात्रातून ढोलांचे आवाज यायला लागतात. गणपतीला दीड-दोन महिने असतात, पथकांचा सराव सुरू झालेला असतो. नव्याने आलेल्या प्रत्येक वादकाची पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली. ढोलाच्या दोरीने कमरेवर वळ उठतात, टिपरू धरून तळव्याला फोड येतात, थापीच्या हाताची बोटं सुजतात. पण हे सगळं कळतं ढोल खाली ठेवल्यावर. वाजवताना काहीच दुखत नाही. घरी एकट्याने उशीवर हात बसवायला घेतला तर मात्र दहा मिनिटांत खांदा भरून येतो. मी सहा वर्षं पथकात वाजवते आहे आणि हा फरक दरवर्षी अनुभवते.

ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०१० साली नेमका हाच फरक मोजला. विद्यापीठाच्या नौकानयन संघातल्या खेळाडूंना त्यांनी व्यायामाच्या यंत्रावर वल्हवायला लावलं, एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत, एका लयीत. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून तो फुगवत नेला आणि ‘आता दुखतंय’ असं खेळाडू कधी म्हणतो ते पाहिलं. मेहनत दोन्ही वेळा तेवढीच होती. तरी एकत्र वल्हवल्यावर वेदना सोसण्याची ताकद स्पष्टपणे वाढलेली दिसली. शरीर स्वतःच तयार करतं त्या वेदनाशामकांचं, म्हणजे एंडॉर्फिन्सचं, हे काम असावं असा त्यांचा निष्कर्ष होता. एका तालात हलणाऱ्या शरीरांना ती जास्त मिळतात.

हे वाचल्यापासून जगभरच्या ‘विचित्र’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रथांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. स्पेनमधल्या एका गावात तान्ही बाळं रस्त्यावर गादीवर ठेवतात आणि पिवळ्या कपड्यातला माणूस त्यांच्यावरून उडी मारतो. इंडोनेशियातले तोराजा लोक थडग्यांत ठेवलेल्या पूर्वजांचे मृतदेह बाहेर काढून, पुसून, नवे कपडे घालतात. अशा बातम्या आपण ‘काय एकेक लोक असतात’ म्हणत पुढे पाठवतो. पण या प्रथांच्या वेळी माणसाच्या शरीरात काय चाललेलं असतं, हे आता मोजता येतं.

स्पेनमध्येच सान पेद्रो मान्रिके नावाचं जेमतेम सहाशे वस्तीचं गाव आहे. २३ जूनच्या रात्री तिथे निखाऱ्यांवरून चालतात, आणि बहुतेक जण पाठीवर एखादं जवळचं माणूस घेऊन चालतात. निखाऱ्यांचं तापमान साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या वर असतं. तरी पाय का भाजत नाहीत, याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चुलीतला निखारा बोटांनी चटकन उचलून धुपाटण्यात टाकणारी आजी अनेकांनी पाहिली असेल. तीच आजी तापलेल्या तव्याला बोट लावणार नाही. कोळशातून उष्णता फार हळू वाहते आणि वर राखेचा थर असतो. पाऊल क्षणभर टेकून उचललं तर त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता कमीच असते. थबकलं मात्र की भाजलंच.

खरी गंमत पायांत नाही, छातीत आहे. मानववंशशास्त्रज्ञ दिमित्रिस क्सिगालातास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके नोंदवणारे पट्टे बांधले. त्यांचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. माणूस निखाऱ्यांवर उतरला की त्याच्या ठोक्यांचा आलेख जसा चढत-उतरत होता, जवळपास तसाच आलेख बाकावर नुसत्या बसलेल्या त्याच्या नातेवाइकांचा आणि मित्रांचा होता. बाहेरगावाहून तमाशा बघायला आलेल्यांच्या आलेखाचा त्याच्याशी काही मेळ नव्हता. दृश्य एकच, अंतर सारखंच, तरी परक्याचं हृदय आपल्याच चालीने धडधडत राहिलं. पथकात ‘आपण एक आहोत’ असं आम्ही सहज म्हणतो. त्याचा आलेख निघू शकतो हे पाहून मला भरून आलं होतं.

हेच क्सिगालातास पुढे मॉरिशसला गेले आणि तिथे त्यांची गाठ आपल्या माणसांशी पडली. १८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून जी माणसं तिकडे नेली गेली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ला गोलेत या कोळ्यांच्या गावातल्या ७५ मराठी स्त्रियांवर एक प्रयोग झाला. आधी त्यांना मुद्दाम ताण दिला. पूर किंवा चक्रीवादळ आलं तर तुम्ही काय तयारी कराल ते मांडा, तज्ज्ञ त्याची पारख करणार आहेत, असं सांगितलं. परीक्षेच्या या भीतीने कोणाच्याही पोटात गोळा येईल. मग निम्म्या जणींना देवळात पाठवलं, रोजची पूजा नेहमीसारखी करायला. बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसतं शांत बसायला सांगितलं.

देवळातून आलेल्यांची चिंता नुसत्या बसलेल्यांपेक्षा कमी झाली होती. त्यांनी तसं सांगितलं, आणि त्यांच्या हृदयानेही सांगितलं. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमी-जास्त होत राहणं हे स्वस्थ मनाचं लक्षण असतं. ताण आला की ठोके घड्याळासारखे ठाशीव पडतात. पूजा केलेल्यांच्या ठोक्यांत ही लवचीकता जास्त होती. २०२० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला त्यातली विश्रांतीची तुलना फार महत्त्वाची वाटते. नुसतं बसल्यावर मन मोकळं सुटतं आणि काळजीकडेच धावतं. उदबत्ती ओवाळायची, फूल वाहायचं, हात जोडायचे, पुन्हा ओवाळायचं, या ठरलेल्या क्रमात हातांना पुढचं पाऊल माहीत असतं. सगळं अनिश्चित असताना निदान एवढं तरी निश्चित असतं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्कींनी हे वेगळ्या वाटेने ओळखलं होतं. तिथले कोळी किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात जाताना कसलेही मंत्रतंत्र करत नसत. खोल समुद्रात, जिथे जिवाचीही खात्री नाही आणि मासळीचीही नाही, तिथे निघताना मात्र सगळे विधी साग्रसंगीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहणाऱ्या कोळीवाड्यात हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण विधीतल्या बारीकसारीक कृती आपण इतक्या निष्ठेने उचलतो कशा? २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका खोक्यातून खाऊ काढून दाखवायचा, आणि काढताना मध्येच काठीने खोक्यावर विनाकारण ठोकायचं. खोकं पारदर्शक असलं, ठोकण्याचा काही उपयोग नाही हे दिसत असलं, की चिंपांझी ती पायरी गाळून थेट खाऊ काढतात. तीन-चार वर्षांची माणसाची मुलं मात्र सगळं जसंच्या तसं करतात, ठोकण्यासकट. इथे चिंपांझी हुशार ठरले असं वाटेल. पण मोठं माणूस काही करतंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, हा विश्वास ठेवूनच आपण शेती, विणकाम, औषधं पिढ्यानपिढ्या पुढे नेली. त्यामागची कारणं कितीतरी उशिरा कळली. माझी भाची गणपतीसमोर दूर्वांनी पाणी शिंपडते. ‘तीनदाच का?’ असं तिने विचारलं तर आई म्हणते, ‘असंच करायचं असतं.’ आणि भाचीला ते पटतं!

हीच ताकद जीवघेणीही ठरते. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या फोरे लोकांत मेलेल्या आप्ताचं मांस प्रेमापोटी खात. मेंदूचा भाग मुख्यतः बायका आणि मुलांच्या वाट्याला येई. त्यांच्यात ‘कुरू’ नावाचा आजार पसरला. तोल जाई, अंग थरथरे, वर्षभरात मृत्यू. अडीच हजारांहून जास्त माणसं त्यात गेली. शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास यांनी घरोघरी बसून वंशावळी ऐकल्या, कोण कधी मेलं आणि अंत्यविधीत कोणी काय खाल्लं ते विचारलं, तेव्हा धागा जुळला. शिवाय ही प्रथा पुरातन नव्हती, दोन-तीन पिढ्यांपूर्वीच तिथे आली होती. आजाराचं मूळ मेंदूतल्या चुकीच्या घडीच्या प्रथिनांत, प्रायॉन्समध्ये निघालं. प्रथा १९५०च्या दशकात बंद होत गेली, पण शरीरात शिरलेला प्रायॉन कधीकधी पन्नास वर्षं दबा धरून राहिला. १९६० नंतर जन्मलेल्यांना मात्र कुरू झाला नाही. फोरे आज मृतांना पुरतात आणि त्यांच्यासाठी शोकही करतात.

म्हणून ‘प्रथा असावी की नसावी’ हा वाद मला अपुरा वाटतो. एकत्र येणं, ठरलेला क्रम, पुन्हा पुन्हा तेच करणं ही विधीची चौकट आहे आणि शरीरावर जे घडतं ते बरंचसं तिच्यामुळे. त्या चौकटीत काय ठेवायचं ते बदलता येतं, आणि कोणाला इजा होत असेल तर बदललंच पाहिजे.

आपल्या शहरात ते झालंही आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, नदीत वर्षानुवर्षं पडून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. बिस्किटं फुगवायला बेकरीत वापरतात तेच हे. बादलीभर पाण्यात ते घालून मूर्ती बुडवली की प्लास्टरमधल्या कॅल्शियम सल्फेटशी त्याची क्रिया होते. तळाशी खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खतच. महापालिकेने ही पावडर नागरिकांना फुकटही वाटली.

आमच्या शेजारी पहिल्या वर्षी गच्चीत बादली ठेवली, तेव्हा काकूंना ते मनापासून रुचलं नव्हतं. पण आरती झाली, काकांनी मूर्ती उचलली, पाण्यात एकदा बुडवून वर काढली, दुसऱ्यांदा काढली, तिसऱ्यांदा सोडली. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना काकूंचा आवाज नेहमीसारखाच भरून आला. बादलीत बुडबुडे उठायला लागले होते. दोन दिवसांनी त्यांनी ते पाणी पातळ करून जास्वंदीला घातलं.