इंजिनातला भाग कुणाचा? सदोष सुटे भाग आणि कंपन्यांच्या मौनाची पार्श्वभूमी

मोटरसायकलच्या टाकीवर नाव एकाच कंपनीचे असते. इंजिनात आणि त्याच्याभोवती मात्र बेअरिंग एकाचे, पिस्टन रिंग दुसऱ्याच्या, ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तिसऱ्याची. यात गैर काही नाही. बेअरिंगसारख्या वस्तू त्यातल्या जाणकारांकडून घेतलेल्याच बऱ्या. पंचाईत होते ती भाग बिघडल्यावर. खोक्यावर वाहन कंपनीचाच पार्ट नंबर असतो, त्यामुळे तो भाग कुठे बनला आणि कुठली बॅच खराब निघाली, हे ग्राहकाला सहसा कळत नाही. दोष लक्षात आला की सुधारित भाग नव्या नंबराने येतो आणि जुना साठा गुपचूप मागे पडतो.

या गुपचूपपणाला कायद्याचा आधार कसा मिळतो, ते हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी मोटरसायकल कंपनीच्या प्रकरणात स्वच्छ दिसते. १९९९च्या मॉडेलांसाठी कंपनीने ‘ट्विन कॅम ८८’ हे नवे इंजिन आणले. त्यातले मागच्या कॅमचे (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग काही गाड्यांत निकामी होऊ लागले. जानेवारी २००१मध्ये कंपनीने मालकांना पत्र पाठवून त्या एका बेअरिंगची वॉरंटी पाच वर्षे किंवा ५०,००० मैलांपर्यंत वाढवली. शिवाय दुरुस्ती झटपट व्हावी म्हणून डीलरांसाठी ४९५ डॉलरचा संचही तयार केला. रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावून दुरुस्ती, मात्र नाही. त्याच वर्षी काही मालक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयात गेले. दोष ठाऊक असून लपवला, हा त्यांचा मुख्य आरोप. २००४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्या राज्याच्या फसव्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याखाली नुसते गप्प राहणे म्हणजे खोटे विधान नव्हे, आणि ज्यांचे इंजिन अजून बिघडलेलेच नाही त्यांचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही, असा तो निकाल. जाहिरातीत इंजिनाला ‘उत्कृष्ट कलाकृती’ म्हटले होते. न्यायालयाने ती विक्रेत्याची फुशारकी ठरवली. मालकांनी त्या फुशारकीचे रोख पैसे मोजले होते, ही बाब वेगळी.

अर्थात प्रत्येक वेळी पुरवठादाराकडे बोट दाखवून चालत नाही. होंडाच्या १९८०च्या दशकारंभीच्या व्हीएफ७५० इंजिनांत कॅम अकाली झिजत, आणि ते दुखणे इंजिनाच्या रचनेतले नि जुळणीतले होते. कंपनीने टप्प्याटप्प्याने बदल केले. पण गेलेली पत सावरायला १९८६ची व्हीएफआर७५०एफ यावी लागली, तीही गिअरवर चालणारे कॅम घेऊन.

मग कायदा काय करतो? अमेरिकेच्या १९६६च्या वाहन सुरक्षा कायद्यानुसार रिकॉलसाठी दोष सुरक्षेशी निगडित असावा लागतो. इंजिन लवकर झिजते, खर्चात टाकते, एवढे पुरत नाही. गाडीसोबत आलेल्या भागातला दोष हा गाडीचाच दोष धरतात, म्हणून जबाबदारी वाहन कंपनीची. हे योग्यच, पण त्यामुळे पुरवठादार पडद्याआड राहतो. रिकॉलच्या अहवालात सदोष भाग कुणी बनवला ते लिहावे लागते. रिकॉलच नसेल तर नावही नाही. शिवाय सरकारला कळवण्याची पाच कामकाजी दिवसांची मुदत दोष सुरक्षेचा आहे असे ठरल्यापासून मोजतात, आणि ते सहसा आधी कंपनीच ठरवते. खरी मेख इथे आहे.

फायरस्टोन कंपनीच्या सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत २०००मध्ये आलेल्या कायद्याने तक्रारी आणि वॉरंटी दाव्यांची आकडेवारी सरकारला आधीच देणे भाग पाडले. २०१२च्या आणखी एका कायद्याने कंपन्यांची डीलरांना जाणारी तांत्रिक पत्रके लोकांसाठी खुली करायला लावली. अशा पत्रकांत लक्षण आणि बदलायचा पार्ट नंबर असतो. मूळ कारण क्वचितच.

उघडपणाचे एक अलीकडचे उदाहरण रॉयल एनफिल्डचे. मे २०२१मध्ये कंपनीने इग्निशन कॉइलमधल्या दोषामुळे भारतासह सात देशांतल्या २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या काही बॅचेसपुरता हा प्रश्न असल्याचे सांगितले, आणि दहा टक्क्यांहून कमी गाड्यांत कॉइल बदलावी लागेल असा अंदाजही दिला. भाग कळला, काळ कळला, आकडा कळला. पुरवठादाराचे नाव त्या निवेदनात नव्हते.