तुळईवरचा शिक्का आणि डिंकाची भीती

बडोद्यात एखाद्या आर्किटेक्टने हॉलच्या छतासाठी ग्लुलॅम, म्हणजे फळ्या एकावर एक चिकटवून केलेल्या तुळया, सुचवल्या की दोन प्रश्न हमखास येतात. सागवान का नको? आणि हे चिकटवलेलं उद्या सुटलं तर? दुसरा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे. या लाकडाच्या प्रमाणपत्रांचा इतिहास त्याच भीतीतून घडला.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या काळात शिक्के नव्हते. मिस्त्री लातीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, जाऊन गाठी बघायचा, टोकाच्या चिरा बघायचा, रेषा सरळ जातात की तिरक्या ते बघायचा. अखंड लाकडाचा दोष बहुधा बाहेरून दिसतो. आजची दृश्य प्रतवारीही मुळात हेच करते, फक्त फूटपट्टी लावून.

वायमारच्या ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये वाकवून चिकटवलेल्या लाकडाचं पेटंट घेतलं, आणि १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात या पद्धतीचं ४३ मीटर गाळ्याचं छत उभं राहिलं. डिंक होता केसीनचा, दुधापासून केलेला. कोरड्या जागी उत्तम, पण पाण्याशी वाकडं. ओलाव्याला न जुमानणारे रिसॉर्सिनॉलचे डिंक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले, तेव्हा कुठे ग्लुलॅम बिनधास्त उघड्यावर आलं.

फळ्यांची प्रतवारी १९६० च्या दशकात यंत्रांकडे गेली. रुळांमधून फळी किंचित वाकवत सरकवायची आणि ती किती विरोध करते ते मोजायचं. वाकायला ताठ फळी सहसा मजबूतही असते. भक्कम फळ्या तुळईच्या वरच्या-खालच्या थरांत लावतात, कारण ताण तिथे जास्त. युरोपच्या ईएन १४०८० मानकात अशा मिश्र तुळईला 'सी' लागतो, सगळे थर एकाच प्रतीचे असतील तर 'एच'. तुळईवरच्या जीएल२४एच या शिक्क्यात जीएल म्हणजे ग्लुलॅम आणि २४ म्हणजे वाकवून मोडण्याची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. शंभरातल्या पाचच तुळया त्याखाली मोडाव्यात असा हिशोब.

डिंकाचं मात्र अवघड. तयार तुळईतला सांधा आतून कसा आहे ते दिसत नाही, आणि मोडून पाहिली तर विकणार काय? म्हणून तपासणी कारखान्यात शिरली. तुळईच्या पूर्ण छेदाचा तुकडा कापतात, निर्वात आणि दाब देऊन त्यात पाणी मुरवतात, झपाट्याने वाळवतात आणि किती सांधे उघडले ते मोजतात. फिंगर जॉइंट, म्हणजे फळ्यांची टोकं बोटांसारखी एकमेकांत गुंतवून केलेले सांधे, वेगळे मोडून बघतात. बाहेरची संस्था येऊन या नोंदी तपासते. प्रमाणपत्र मिळतं ते या शिस्तीला.

तरीही २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतल्या बाड राइखेनहाल इथे बर्फाने लादलेलं स्केटिंग हॉलचं छत कोसळलं. १५ जण गेले, बहुतेक मुलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या पेटीसारख्या तुळयांत युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक होता. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तो पार निकामी झाला होता. शिवाय त्या प्रकारच्या तुळयांना मान्यता होती १.२० मीटर उंचीपर्यंत, आणि बसवल्या होत्या २.८७ मीटरच्या. कागद होता, पण दुसऱ्याच मापाचा!

आपल्याकडे डेहराडूनची वन संशोधन संस्थाही १९०६ चीच. देशी लाकडांच्या चाचण्यांचं मोठं काम तिथे झालं. आयएस ८८३ हे भारतीय मानक ताकदीनुसार लाकडांचे ए, बी, सी गट करतं; आपलं लाडकं सागवान ए मध्ये नाही, बी मध्ये. (हे लातीवर सांगून बघा.) बाहेर वापरायच्या चिकटवलेल्या लाकडाच्या डिंकासाठी आयएस ९१८८ हे मानक १९७९ पासून आहे, पण मागणी यायची कुठून? १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने जंगलं वाचवायला आपल्या बांधकामांतलं लाकूडच बंद केलं. बंदी उठली २०२० मध्ये.

त्यामुळे परदेशी तुळईवर जीएल२४ छापलेलं असतं आणि इथला इंजिनिअर ए-बी-सी उघडून बसतो. ए गटाचा आकडा १८, म्हणून ग्लुलॅम ए गटाच्या लाकडापेक्षा भारी, असं कुणी पटवायला लागलं तर थांबवावं. १८ हा सुरक्षितता धरून ठरवलेला परवानगीचा ताण आहे, २४ हा मोडण्याच्या उंबरठ्याचा. आणि कागद मागवताना ताकदीच्या आकड्याआधी डिंकाचा प्रकार आणि सर्व्हिस क्लास, म्हणजे तुळई किती कोरड्या-दमट जागेसाठी आहे, ते वाचावं. क्लास १ म्हणजे आतली कोरडी खोली. बडोद्याच्या पावसाळ्यात उघड्या ओसरीला तो चालत नाही.