पिंग चालतं, पान उघडत नाही

लिनक्सच्या संगणकावरून घरातल्या इतर संगणकांना इंटरनेट वाटून दिलं, की कधीकधी एक चमत्कारिक दोष दिसतो. पिंगला, म्हणजे समोरचा संगणक पोहोचतो का ते तपासणाऱ्या छोट्या निरोपाला, उत्तर येतं, छोटी पानं उघडतात, पण काही वेबसाइट जोडणी होऊनही कोऱ्याच राहतात. खुद्द लिनक्सच्या संगणकावर मात्र त्याच साइट सुरळीत चालतात. मग लोक डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलतात, फायरवॉलचे नियम नव्याने लिहितात. घोळ बहुधा फक्त ८ बाइटांचा असतो.

डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जातो. इथरनेटच्या, म्हणजे घरातल्या तारेच्या जाळ्याच्या, एका पॅकेटात साधारणपणे १५०० बाइट मावतात. ही मर्यादा म्हणजे एमटीयू. इंटरनेटची जोडणी पीपीपीओई (इथरनेटवरून लॉगिन करून जोडण्याची) पद्धतीची असेल, तर तिच्या हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटाच्या सुरुवातीच्या माहितीत, ८ बाइट जातात आणि १४९२ उरतात. वेबसाइट ज्या टीसीपी पद्धतीने डेटा पाठवतात, ती जोडणी सुरू होताना प्रत्येक बाजू एका पॅकेटात किती डेटा घेऊ शकते ते सांगते. हा आकडा म्हणजे एमएसएस. पीपीपीओईची मर्यादा माहीत असल्याने लिनक्स आयपी आणि टीसीपीच्या हेडरचे ४० बाइट वजा करून १४५२ सांगतो. त्याच्या मागच्या संगणकाला फक्त घरातलं इथरनेट दिसतं, म्हणून तो १४६० सांगतो. सर्व्हर त्यावर विसंबून १५०० बाइटांची पॅकेटं ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावून पाठवतो, आणि ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या टोकाशी अडतात.

अडवणाऱ्या राउटरने अशा वेळी आयसीएमपीचा (जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा) निरोप उलट पाठवायचा आणि सर्व्हरने पॅकेट लहान करायचं, ही पद्धत १९९० सालीच ठरली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली सगळंच आयसीएमपी बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते हे सरळ चुकीचं आहे. निरोप पोहोचत नाही, सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

खात्री करणं सोपं आहे. तुकडे न करण्याची सूचना देऊन पिंगमधून १४७२ बाइट पाठवा; २८ बाइटांचं हेडर धरून १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ गेलं, तर एमटीयू १४९२ आहे हे जवळपास नक्की.

उपाय आयपीटेबल्समध्ये, म्हणजे पॅकेटांसाठी नियम लिहायच्या लिनक्सच्या साधनात, आहे. पॅकेटं बदलणाऱ्या मँगल टेबलच्या फॉरवर्ड साखळीत (पुढे पाठवल्या जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांत) सिन पॅकेटांसाठी, म्हणजे टीसीपी जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटांसाठी, टीसीपीएमएसएसचा नियम घाला आणि त्याला मार्गाच्या एमटीयूनुसार आकडा कापायला सांगा. मग जाता जाता १४६० चे १४५२ होतात. मागच्या एकाही संगणकाला हात लावावा लागत नाही. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) साठी नियम वेगळा लागतो, आणि तिथे हेडर मोठं असल्याने आकडा १४३२ होतो. टीसीपीसारखी जोडणी न करता डेटा पाठवणाऱ्या यूडीपीला मात्र या नियमाचा उपयोग नाही. यूडीपीवर चालणारा वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी जोडणी) याच जोडणीवर आयपीव्ही६ मधून चालवायचा असेल, तर त्याचा नेहमीचा १४२० चा एमटीयू १४१२ वर आणावा लागतो.