नमुना घरकुल की हातात मावणारं मॉडेल: पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात नकाशा लागतो तो मंजुरीच्या फाइलला. घर खरं ठरतं ते मिस्त्रीने जागेवर चुन्याची फक्की मारल्यावर. न्हाणी कुठे, दार पूर्वेला की उत्तरेला, हे वाद तिथेच उभ्याउभ्या मिटतात. पूर्ण मापाचं, पण उंची नसलेलं असं हे मॉडेल इथे पूर्वापार आहे.

लाकडी मॉडेलची परंपरा दूरची. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटासाठी 1418 मध्ये स्पर्धा लागली तेव्हा मॉडेलं मागवली होती. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचं ओक लाकडाचं मोठं मॉडेल 1673-74 मधलं. दोन्हीकडे पटवायचं होतं ते पैसा देणाऱ्याला.

वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, 1936 साली गांधीजींच्या घराबाबत हे उलटं झालं. स्थानिक साहित्य आणि कमी खर्च, या अटींवर माती, बांबू आणि कवेलू (कौलं) यांचं घर उभं राहिलं आणि ते घरच पुढे नमुना ठरलं. वर्धा परिसरात नंतर कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंची कमानी छतं आली. तीही लोकांना पटली ती प्रत्यक्ष बांधून दाखवल्यावरच. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं. बुडितातल्या गावांसाठी नवी गावठाणं आखली गेली ती मात्र कागदावर, सरळ रस्ते आणि रांगेतले प्लॉट अशी. बैलबंडी वळवायला जागा उरते का, कोठा (गुरांचा गोठा) कुठे जाईल, हे कागदावर कळत नाही.

खरा वाद अलीकडचा. ग्रामीण घरकुल योजना 2016 मध्ये नव्या रूपात आली, किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरलं, आणि तालुक्याच्या ठिकाणी डेमो घरकुल बांधून दाखवण्यावर भर आला. बाजूने बोलणारे म्हणतात, नकाशा न वाचणाऱ्या माणसाला घरात शिरून पाहता येतं. हे खरंच आहे. पण त्या घराची भिंत कोणी सरकवत नाही. पाहणारा मान डोलावतो आणि परत जातो. शिवाय ते तालुक्याच्या आवारात, जिथे ना कोठा, ना कापूस साठवायची अडचण. 25 चौरस मीटरचं घर 1:50 मापात, म्हणजे पन्नास पट लहान केल्यावर, साधारण 10 सेंमी बाय 10 सेंमी होतं, तळहातावर मावतं. 1:20 ला 25 सेंमी. जाड पुठ्ठ्याचं, छत उचलता येणारं असं मॉडेल ग्रामसभेत ठेवलं तर बाया स्वयंपाकघराची भिंत स्वतः हलवून दाखवतील. हा खर्च डेमो घराच्या पासंगालाही पुरत नाही, तरी तो कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

दोन्ही प्रकार एक गोष्ट लपवतात: पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतीचे तडे तिथून सुरू होतात. मॉडेल मात्र सपाट फळीवर बसवलेलं असतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर टिनाखाली काय होतं, तेही पुठ्ठा सांगत नाही. पायाचा छेद दाखवणारं मॉडेल फार तर कॉलेजच्या प्रदर्शनात दिसतं.

अलीकडे काही शाळांत टिंकरिंग लॅबमुळे (मुलांनी वस्तू स्वतः बनवून पाहायच्या प्रयोगशाळा) थ्रीडी प्रिंटर आले, शहरात लेझर कटिंग स्वस्त झालं. मॉडेलं गुळगुळीत होऊ लागली आणि त्यांना हात लावायला लोक कचरू लागले. चर्चेसाठी तुराट्या, पुठ्ठा आणि टाचण्याच बऱ्या. मशीन हवंच असेल तर एकाच मापाच्या भिंती ढिगाने कापून घ्याव्यात, जोडणी गावात होऊ द्यावी.