कालवांचा चिमटा आणि चेसापीकचा तळ

कोकणात कालवं काढायची म्हणजे ओहोटी गाठायची आणि खडकाला घट्ट बसलेली शिंपली लोखंडानं ठोकून सोडवायची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात ओहोटीचा तेवढा उपयोग नाही. तिथली बहुतेक कालवं ओहोटीतही पाण्याखालीच असतात. त्यामुळे तिथं काम होडीतूनच करावं लागतं, आणि त्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरात राहिला तो लांब दांड्यांचा चिमटा.

याचे दोन लाकडी दांडे कात्रीसारखे एकमेकांवरून जातात आणि खिळीनं जोडलेले असतात. दांडे साधारण १६ ते ३० फूट लांब. खालच्या टोकांना दात असलेली लोखंडी पंज्यांची जोडी. होडीच्या काठावर उभं राहून चिमटा तळाशी सोडायचा, वरची टोकं उघडमीट करत तळ खरवडायचा आणि पंजे मिटून सगळा भार हातांनी वर ओढायचा. तळ दिसत नाही, पण दांड्यातून कळतो: शिंपल्यांवर पंजा खडखडतो, चिखलात नुसताच रुततो. वर आलेल्या ढिगातून मोठी कालवं वेगळी करायची, बारकी आणि रिकामी शिंपलं परत पाण्यात.

दांडा जितका लांब तितका तो जड आणि लवचीक, म्हणून पाणी वीसेक फुटांपेक्षा खोल गेलं की हा चिमटा निरुपयोगी होत जातो. माझ्या मते या अवजाराचा सगळ्यात मोठा गुण हाच. खोल पाण्यातली कालवं त्याच्यापासून सुरक्षित होती आणि त्यांची पिल्लं सगळीकडे पसरत होती. कालवाची अळी दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगते, मग एखादा कठीण पृष्ठभाग शोधून कायमची चिकटते. तिला सगळ्यात मानवतं ते जुन्या कालवाचं शिंपलं. असं पिढीवर पिढी चढत तळावर कालवांचे उंचवटे तयार होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू इंग्लंडकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, जहाजांनी फरपटीचं जाळं आणलं. लोखंडी चौकट, खालच्या आडव्या पट्टीला दात, मागे पिशवी. पिशवीचा तळाला घासणारा भाग लोखंडी कड्यांचा, वरचा सुती दोरीचा. चालत्या जहाजामागून ते ओढलं की खोल पाण्यातली कालवंही पिशवीत येतात. पण दात उंचवटे सपाट करत जातात, आणि सपाट झालेल्या शिंपल्यांवर गाळ बसला की नव्या अळीला चिकटायला जागा उरत नाही.

उपसागराकाठच्या दोन राज्यांनी, व्हर्जिनियानं १८११मध्ये आणि मेरीलँडनं १८२०मध्ये, या जाळ्यावर बंदी घातली. त्यात परक्या जहाजांना रोखण्याचा भाग मोठा होता. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५मध्ये, मेरीलँडनं परवाने देऊन जाळ्याला वाट मोकळी केली, मात्र वाफेच्या इंजिनाला मनाई करून. जहाज शिडावरच चालायचं. चिमटेवाले आणि जाळेवाले यांच्यात बंदुका निघायला लागल्या, तेव्हा १८६८मध्ये राज्याला कालवांसाठी वेगळं सशस्त्र जलपोलिस दल उभारावं लागलं. मेरीलँडमधल्या बॉल्टिमोर शहरातले कालवं डबाबंद करणारे कारखाने आणि रेल्वे यांची भूक वाढतच होती. १८८०च्या दशकाच्या मध्यावर एकट्या मेरीलँडचं उत्पादन हंगामाला सुमारे दीड कोटी बुशेलवर (बुशेल म्हणजे मोठ्या टोपलीएवढं माप) पोहोचलं. तो कळस होता, नंतर उतरणच.

१८८७मध्ये सॉलोमन्स गावच्या चार्ल्स मार्श नावाच्या लोहारानं चिमट्याचाच नवा अवतार काढून त्याचं पेटंट घेतलं. लाकडी दांडे गेले, लोखंडी जबडा दोरावर टांगला गेला. आता खोलीची मर्यादा दांड्याची नव्हे, दोराची. चिमटेवाल्यांच्या दृष्टीनं हा न्यायच होता, पण खोलातल्या कालवांना आता चिमट्यापासूनही आडोसा उरला नाही.

शिडाचा नियम मात्र टिकला, आणि त्यातूनच १८९०च्या दशकात स्किपजॅक ही होडी आली: रुंद, उथळ, तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, बांधायला स्वस्त. शीड प्रचंड, कारण मंद वाऱ्यातही जड जाळं ओढायचं असे. वारा नसेल त्या दिवशी जाळं पाण्यात पडत नसे. १९६७मध्ये राज्यानं आठवड्यातले दोन दिवस मागून ढकलणारी मोटरबोट लावायला परवानगी दिली. साहजिकच नाखव्यांनी हेच दोन दिवस धरले. तोवर एमएसएक्स आणि डर्मो हे कालवांचे दोन रोगही उपसागरात पसरले होते, त्यामुळे घटीचं सगळं खापर अवजारांवर फोडता येत नाही.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या फाल नदीमुखात आजही इंजिन लावून कालवं ओढायला बंदी आहे, फक्त शीड किंवा वल्हं. शीड नसलेल्या लहान होड्या नांगर टाकून मागे सरकतात आणि मग हातरहाटानं दोर गुंडाळत स्वतःलाच नांगराकडे ओढून घेतात, जाळं मागून तळावर घासत येतं. वर आलेलं कालव सुमारे ६७ मिलिमीटरच्या कड्यातून आरपार जात असेल, तर ते परत पाण्यात टाकावं लागतं.