कुबरनेटिसनं डॉकर काढलं, मग जुन्या इमेज चालतील का? खुलासा

सांगलीत हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारं ॲप क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटावर, चढवायचं म्हटलं, की कुणीतरी हमखास सांगतं: ‘कुबरनेटिसनं डॉकर बंद केलंय, इमेज नव्यानं बनवा.’ असं काही नाही. कुबरनेटिस म्हणजे अशा गटावर कंटेनर चालवणारी व्यवस्था, डॉकर म्हणजे कंटेनर बनवायचं-चालवायचं हत्यार. इमेज म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं; ते चालू केलं की झाला कंटेनर. डॉकरनं बिल्ड केलेली इमेज आजही जशीच्या तशी चालते.

अफवेचं मूळ डिसेंबर २०२० मधलं. कुबरनेटिसच्या १.२० आवृत्तीसोबत ‘डॉकरशिम’ हा डॉकरशी जोडणारा तुकडा पुढे काढणार असं जाहीर झालं आणि मे २०२२ मध्ये, १.२४ आवृत्तीत ते खरंच गेलं. लोकांनी ‘शिम’ सोडून फक्त ‘डॉकर’ ऐकलं!

प्रत्येक सर्व्हरवरचा कुबरनेटिसचा कारभारी, म्हणजे क्युबलेट, कंटेनर चालू-बंद करायला सीआरआय नावाच्या ठरावीक इंटरफेसमधून बोलतो. डॉकरला ती भाषा येत नव्हती, म्हणून मध्ये डॉकरशिम हा दुभाषी बसवला होता. गंमत म्हणजे डॉकर स्वतःही आतून कंटेनरडी हा कंटेनर चालवणारा प्रोग्राम वापरतं. क्युबलेट आता थेट कंटेनरडीशी किंवा सीआरआय-ओ या तशाच प्रोग्रामशी बोलतो. इमेजचा साचा ओसीआय या सामायिक मानकानुसार असतो, त्यामुळे ती कोणत्या हत्यारानं बनवली याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

अडतं ते दुसरीकडेच. एखादा पॉड (कुबरनेटिस एकत्र चालवतं तो एक किंवा अधिक कंटेनरांचा संच) सर्व्हरवरचं डॉकर सॉकेट, म्हणजे डॉकरशी बोलायचं दार, माउंट करून आतच इमेज बनवत असेल, तर तो मोडतो. बिल्ड आपोआप करणाऱ्या जेनकिन्सची जुनी कामं आधी तपासा. सर्व्हरवर कंटेनर बघायलाही आता ‘डॉकर पीएस’ ही आज्ञा उपयोगाची नाही. तिथं क्रायसीटीएल ही आज्ञा वापरा. डॉकरच हवं असा हट्ट असेल, तर सीआरआय-डॉकरडी हा डॉकरशिमसारखाच दुभाषी वेगळा बसवता येतो. लॅपटॉपवरचं डॉकर मात्र काढू नका, इमेज बनवायला ते चालतंच.