ओटचा नवा वाण अधिसूचित कसा होतो : चाचण्या, पात्रता आणि कागदपत्रे

चाऱ्याच्या ओटचा वाण कितीही चांगला निघाला, तरी बियाणे कायदा १९६६ च्या कलम ५ खाली तो राजपत्रात अधिसूचित होईपर्यंत त्याचे बीजप्रमाणीकरण होत नाही. विद्यापीठाने वाण प्रसारित केला आणि अधिसूचना रेंगाळली, तर प्रमाणित बियाणे बाजारात येतच नाही.

ओटच्या देशपातळीवरील चाचण्या अखिल भारतीय समन्वित चारा पिके प्रकल्पातून होतात. समन्वयाचे काम झाशीहून चालते. महाराष्ट्रात राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि उरुळीकांचनची बायफ ही संस्था, ही त्या प्रकल्पाची केंद्रे. नोंद, म्हणजे चाचणीत उतरवायचा वाण, साधारणपणे कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांचे पैदासकार देतात. शेतकऱ्याने निवडलेला वाण असेल तर जवळच्या केंद्राला आधी बियाणे दाखवावे. त्यांच्या स्थानिक चाचणीत तो टिकला, तरच पुढची वाट आहे.

पहिल्या वर्षी प्राथमिक चाचणी, मग प्रगत चाचणीची दोन वर्षे, म्हणजे तीन रब्बी हंगाम लागतात. नोंदींना सांकेतिक क्रमांक असतात, आणि एक कापणी, बहुकापणी, दुहेरी उपयोग (चारा आणि दाणा) अशा चाचण्या वेगळ्या लागतात. इथली चूक सर्वांत महाग पडते. कापणीनंतरचा फुटवा जोरदार असलेली नोंद एक कापणीच्या चाचणीत घातली की तिचा गुण मोजलाच जात नाही आणि ‘केंट’सारख्या चेकसमोर, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या प्रस्थापित वाणासमोर, ती सामान्य ठरते. बहुकापणीत पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, जमिनीपासून ८ ते १० सेंमी वर घेतात. खाली खरवडून कापले तर फुटवा मार खातो आणि दोष वाणाच्या माथी येतो.

हिरव्या चाऱ्याचे वजन फसवे असते. दव उतरायच्या आत कापलेला प्लॉट जड भरतो. म्हणून कापल्याबरोबर ५०० ग्रॅम नमुना वेगळा काढून वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. तो ९० ग्रॅम भरला तर शुष्क पदार्थ १८ टक्के. प्लॉटचा हिरवा चारा ४० किलो असेल तर वाळलेला ७.२ किलो. क्रूड प्रोटीन काढताना नत्राच्या टक्केवारीला ६.२५ ने गुणतात. नमुना दुपारपर्यंत बांधावर पडून राहिला की हे सगळे आकडे बिघडतात.

चाचण्या संपल्यावर अधिसूचनेसाठी द्यायच्या प्रस्तावात वाणाची वंशावळ, पैदास पद्धत, वर्षनिहाय व केंद्रनिहाय उत्पादन, त्याच चाचणीतील चेकचे आकडे, रोग-किडींच्या नोंदी, खतमात्रा चाचणीचे निष्कर्ष, ओळखीची लक्षणे आणि छायाचित्रे लागतात. राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणे जमा केल्याचा पुरावाही लागतो. वेगवेगळ्या वर्षांचे चेक मिसळून केलेली तुलना छाननीत लगेच दिसते. बियाण्याचे उत्पादन लपवू नये. चारा भरपूर पण दाणा कमी, किंवा पक्व होताच गळणारा वाण पुढे वाढवणेच अवघड. प्लॉटमध्ये जंगली ओट मिसळला असेल तर तो लोंबी पडल्यावर, दाणे गळायच्या आत उपटावा. नंतर बियाण्यातून निवडणे जिकिरीचे.

राज्यापुरता वाण असेल तर चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीतून शिफारस घेऊन प्रस्ताव राज्याच्या बियाणे उपसमितीमार्फत केंद्र सरकारकडे जातो.

वाणावरचा हक्क हे वेगळे प्रकरण. त्यासाठी वाण संरक्षण कायदा २००१ खाली स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि आधी पीक त्या कायद्याच्या अधिसूचित यादीत आहे का ते पाहावे. ‘नवा’ म्हणून नोंदवायच्या वाणाची भारतातली पहिली विक्री अर्जाआधी वर्षभराहून जुनी चालत नाही. त्यामुळे बियाणे आधीच विकायला काढणारे इथे अडकतात. अर्जासोबत टर्मिनेटर तंत्राचे (पुढच्या पिढीचे बी उगवू न देणारे) जनुक नसल्याचे शपथपत्र द्यावे लागते. शेतपिकांना संरक्षण १५ वर्षांचे. पहिली ६ वर्षे, पुढे नूतनीकरण. नूतनीकरणाची तारीख फायलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.